कार्यशाळेचं शेवटचं सत्र दरवेळी का कापलं जातं आणि त्यावर मी काय करते

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दात सांगते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही दीड वर्षापासून गावागावात पाण्याच्या ताळेबंदाच्या, म्हणजे गावाला मिळणारं पाणी आणि लागणारं पाणी यांच्या हिशोबाच्या, दोन दिवसांच्या कार्यशाळा घेताय, ३५-४० लोक असतात, वेळापत्रक मिनिटामिनिटाचं बनवता तरी दुसऱ्या दिवशी दुपारी धावपळ होते आणि शेवटचं नियोजनाचं सत्र १५-२० मिनिटात उरकावं लागतं. शिवाय लोकांना मध्येच थांबवायचा संकोच वाटतो, खास करून वडीलधाऱ्यांना.

हे दुखणं मी स्वतः पाच-सहा वर्षं काढलंय. १८ वर्षं झाली गावपातळीवर प्रशिक्षणं घेतेय, बचत गट, पाणलोट समित्या, ग्रामपंचायत विकास आराखडा आणि अलीकडे जास्त करून तुमचाच विषय, पाण्याचा ताळेबंद. म्हणून जरा लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, वेळापत्रक "नीट" बनवलं म्हणजे काय केलं ते एकदा तपासा. आपण सगळे काय करतो, दहा ते पाच पहिला दिवस, दहा ते साडेचार दुसरा दिवस, म्हणजे साडेतेरा तास आहेत असं धरतो आणि त्यात विषय बसवत जातो. आता त्यातून दोन जेवणं काढा, दोन तास गेले. चार चहा काढा, कागदावर १५ मिनिटांचा असला तरी चहा २५ मिनिटांच्या आत कधीच होत नाही, म्हणजे पावणेदोन तास धरा. पहिल्या दिवशी पाऊण तास आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू होतं, ते सव्वा तास. राहिले किती, साडेआठ तास. आपण साडेतेरा तासांचा माल साडेआठ तासांच्या पोत्यात भरतो आणि मग तोंड बांधता येत नाही म्हणून वरचा काढून टाकतो, आणि वर असतं ते शेवटचं सत्र.

तुम्ही म्हणाल की हे तर कळतंय, पण शेवटचं सत्र २० मिनिटात झालं तर एवढं काय बिघडतं, निर्णय तर होतोच ना. मलाही तसंच वाटायचं. मग एका गावात जे झालं ते सांगते. ३८ लोक होते, त्यात १७ बाया. पहिल्या दिवशी वरच्या वस्तीतल्या बायांनी हातपंपाबद्दल अगदी पोटतिडकीने सांगितलं होतं, मार्चमध्ये पाणी खाली जातं, दीड किलोमीटरवरून आणावं लागतं वगैरे, मी चार्टवर लिहूनही घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी शिवारफेरी लांबली, गटांची सादरीकरणं लांबली, नियोजनाचं सत्र सुरू झालं चार वाजून दहा मिनिटांनी. तोपर्यंत गुरं घरी यायची वेळ झालेली, शाळा सुटलेली, बाया एकेक करून उठून गेल्या. मी मोजलं तेव्हा १४ जण उरले होते आणि त्यात बाया दोन. आराखड्यात काय आलं, खालच्या ओढ्यावरचा बंधारा आणि दोन विहिरींचं खोलीकरण. हातपंपाचा मुद्दा कुणी मुद्दाम टाळला नाही, तो मांडणारं माणूसच हॉलमध्ये नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये मी त्या गावात गेले तर वरच्या वस्तीत टँकर उभा होता आणि ज्या ताईने तो मुद्दा सांगितला होता ती भांडं घेऊन रांगेत होती. ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलली, चहाला थांबा म्हणाली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

त्या दिवसापासून वेळेकडे बघायची माझी नजरच बदलली. वेळापत्रक कोलमडलं म्हणजे गैरसोय झाली एवढंच नसतं, चारनंतर हॉलमध्ये कोण उरतं त्यावर गावाचा निर्णय ठरतो. म्हणून माझा सगळ्यात पक्का नियम सांगते, कार्यशाळा शेवटाकडून आखायची. आधी गावात विचारायचं की शेवटची एसटी किती वाजता, शाळा कधी सुटते, दूध घालायला डेअरीत कधी जावं लागतं, बाया घरातून कधी निघू शकतात. आणि हे बायांनाच विचारायचं, सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना विचारून भागत नाही, ते दहा ते पाच म्हणतात कारण त्यांना तेच सोयीचं असतं. बऱ्याच गावात बायांचा खरा दिवस अकरा ते चार एवढाच असतो, सकाळी पाणी, स्वयंपाक, डबे, गुरं आणि चारनंतर पुन्हा तेच. म्हणजे सगळे एकत्र असतात असे पाच तास, त्यातून जेवण गेलं की चार. हे चार तास सोन्याचे आहेत आणि गावाचं सगळ्यात अवघड बोलणं याच चार तासात झालं पाहिजे.

ताळेबंदाच्या कार्यशाळेत अवघड बोलणं कोणतं ते तुम्हाला माहितीच आहे, कोणी कोणतं पीक किती घ्यायचं. आपण काय करतो, आधी पाऊस, मग अपधाव म्हणजे वाहून जाणारं पाणी, मग जमिनीत मुरणारं, मग माणसं, मग जनावरं, मग पिकं, मग तूट आणि सगळ्यात शेवटी उपाय, असा विषयाचा क्रम लावतो. विषय म्हणून तो बरोबर आहे पण त्यामुळे सगळ्यात अवघड गोष्ट सगळ्यात थकलेल्या वेळी येते. मी आता आकडेमोड पहिल्या दिवशीच संपवते, थोडी ढोबळ झाली तरी चालेल, आणि पिकांचं बोलणं दुसऱ्या दिवशी अकरा ते दीड ठेवते. त्या अडीच तासात काहीही आलं तरी दुसरं काही घुसू देत नाही, पाहुणे आले तरी नाही.

एवढा वेळ का लागतो ते एका उदाहरणाने सांगते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हा एक आकडा लोकांच्या डोक्यात बसला की पुढचं सगळं लोकच काढतात. मग मी फळ्यावर गावाच्या पिण्याच्या आणि घरवापराच्या पाण्याचा हिशोब मांडायला लावते. समजा १,५०० लोकसंख्या, जलजीवन मिशनचं माणशी रोज ५५ लिटर धरायचं, वर्षाचे ३६५ दिवस, उत्तर येतं साधारण तीन कोटी लिटर. त्याच्या शेजारी एक हेक्टर ऊस मांडायचा, साधारण २,००० मिलिमीटर पाणी धरलं तर दोन कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं आणि घरवापराचं पाणी आणि दीड हेक्टर ऊस बरोबरीला येतात. हे गणित गावातल्याच एखाद्या पोराने मोठ्याने वाचलं की हॉल गप्प होतो. दोन मिनिटं, कधी तीन. कुणी खाली बघतं, कुणी शेजाऱ्याकडे. आधी मी घाबरायचे, वाटायचं वेळ चाललाय, आणि लगेच बोलायला लागायचे की "मग आता आपण काय करू शकतो". आता मी मार्कर खाली ठेवते आणि भिंतीला टेकून उभी राहते. त्या शांततेनंतर जे पहिलं वाक्य येतं ते बहुतेक वेळा ऊसवाल्याच शेतकऱ्याचं असतं, "माझा सव्वा हेक्टर आहे, ठिबकवर घेतला तर किती वाचेल?" आपण घाईने बोललो असतो तर ते वाक्य आलंच नसतं. दर वर्षी ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवणारं हिवरे बाजारसारखं गाव लोकांना आदर्श म्हणून दाखवणं सोपं असतं, पण आपल्या गावात ते बोलणं व्हायला हा असा मोकळा वेळ लागतो आणि तो इतर ठिकाणी वाचवूनच मिळतो.

वाचवायचा कुठून? तर माझ्या अनुभवात सत्राच्या विषयात वेळ फारसा वाया जात नाही, तो दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून गळतो. एका कार्यशाळेत मी सहकाऱ्याला मागे बसवून घड्याळ लावून प्रत्येक गोष्ट कधी सुरू झाली आणि कधी संपली ते लिहायला लावलं होतं, तुम्हीही एकदा हे कराच. नुसतं "चला आता गट करूया" म्हटल्यापासून गट खरंच कामाला लागेपर्यंत १४ मिनिटं गेली होती. एक ते सहा आकडे मोजा, मग आपला आकडा विसरा, मग खुर्च्या हलवा, मग स्केचपेन कुणाकडे, मग चार्टपेपर, मग "नक्की काय करायचंय मॅडम?". दोन दिवसात असे चार वेळा गट केले की जवळपास तास गेला. आता मी पहिल्या दिवशी एकदाच गट करते, वस्तीवार किंवा शिवाराच्या भागावार, आणि ते शेवटपर्यंत तेच ठेवते. लोक मिसळले पाहिजेत असं म्हणतात, ते खरंय, पण ते शिवारफेरीत आणि जेवताना मिसळतात की. प्रत्येक गटाची एक कापडी पिशवी आधीच भरलेली असते, चार्ट, तीन रंगांची स्केचपेनं, कार्डं, चिकटपट्टी आणि चिकटपट्टीचे तुकडे आदल्या रात्रीच पिशवीच्या आत कडेला लावून ठेवलेले. हे वाचायला बारीक वाटेल पण ३८ लोक चिकटपट्टीचं टोक शोधत बसतात तेव्हा कळतं. आणि सूचना गटात बसल्यावर द्यायची, आधी नाही, आणि तोंडी न देता चार्टवर तीन ओळीत लिहून लावायची.

दुसरी मोठी गळती म्हणजे ओळख. ३८ माणसं, एक एक मिनिट, म्हणजे ३८ मिनिटं असं आपण धरतो, प्रत्यक्षात तास-सव्वा तास जातो कारण कुणी नाव सांगून बसतं आणि कुणी आपल्या आजोबांपासून सुरुवात करतं. आणि एकाच गावातली माणसं एकमेकांना ओळखतातच, ओळख हवी असते ती आपल्याला! मी आता हॉलच्या मधोमध किंवा बाहेर पटांगणात रांगोळीने गावाचा ढोबळ नकाशा काढून ठेवते, ओढा, रस्ता, देऊळ, शाळा, बाकी काही नाही. जो येईल त्याने आपल्या रानाच्या किंवा घराच्या जागी उभं राहायचं आणि तिथे एक दगड ठेवायचा, विहीर असेल तर दगडाखाली पान. दहाच्या ठोक्याला चारच माणसं आली तरी चालतं, चार जण नकाशा सुरू करतात, उशिरा येणारा येऊन आपली जागा शोधतो, कुणाला ओशाळं वाटत नाही, आणि पावणेअकरापर्यंत ओळखही झालेली असते आणि विहिरींची मोजणीही. उशिरा सुरू होण्यावर मला सापडलेला हा एकच उपाय खरा चालतो, सुरुवातीचं काम असं ठेवायचं की ते अर्ध्यातून जोडता येईल. लोक जमेपर्यंत थांबायचं ठरवलंत तर वेळेवर आलेली चार माणसंही दुसऱ्या दिवशी अकराला येतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

उद्घाटनाचं काय, तर तो मान असतो, तो टाळू नका. पण पाहुण्यांची वेळ मी आदल्या दिवशी स्वतः फोन करून ठरवते आणि त्यांना दहाची वेळ देत नाही, बाराची देते, म्हणते की साहेब बारा वाजता या, तोपर्यंत लोकांनी नकाशा केलेला असेल, तुम्हाला बघता येईल आणि लोकांशी बोलता येईल. बऱ्याच जणांना हे आवडतं. नकाशा बघत बोललं की भाषण आपोआप दहा मिनिटात होतं कारण समोर बोलायला काहीतरी असतं. नारळ, हार, दीपप्रज्वलन जे काही असेल ते तेव्हाच, एकदाच, आणि लगेच जेवण.

जेवणाचं सांगते. बुफे ठेवला की एका टेबलावर ४० माणसांची रांग, हात धुवायला एक नळ, तासाचं जेवण दीड तास जातं. गावात पंगत बसवा, चार तरुण वाढायला, ३५ ते ४० मिनिटात सगळे जेवून उठतात आणि म्हाताऱ्या माणसांना ताट घेऊन उभं राहावं लागत नाही. स्वयंपाक करणाऱ्यांना जेवणाची वेळ दीड असली तरी एकची सांगायची. चहा लोकांच्या जागेवर नेऊन द्यायचा, गटाचं काम चालू असतानाच, चहासाठी बाहेर सोडलं की माणसं परत आणायला दहा मिनिटं लागतात आणि त्यातले दोघे घरी जाऊन येतात.

आता सादरीकरण. सहा गट, पाच पाच मिनिटं, अर्धा तास, असं तुमच्या वेळापत्रकात असेल, माझ्याही असायचं. खरं काय होतं, चार्ट लावायला दीड मिनिट, कोण बोलणार त्यावर एकमेकांना ढकलणं अर्धं मिनिट, बोलणं सात मिनिटं, प्रश्न तीन, टाळ्या आणि पुढचा गट उठणं. एका गटाला १२ मिनिटं, सहा गटांना ७२. आणि चौथ्या गटापासून "आधीच्या गटाने सांगितलंच आहे" सुरू होतं, ऐकणारे मोबाइल काढतात. याला दोन उपाय आहेत. एक, सगळ्यांना एकच काम द्यायचं नाही, एक गट पावसाची नोंद बघेल, एक माणसं, एक जनावरं, एक खरीप, एक रब्बी, एक विहिरी आणि बोअर, म्हणजे कुणाचंही दुसऱ्यासारखं होत नाही आणि दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. दोन, चार्ट भिंतीवर लावून गटांनी फिरायचं, प्रत्येक चार्टपाशी तीन मिनिटं, शंका असेल तर कार्डावर लिहून तिथेच चिकटवायची, लिहिता येत नसेल त्याचं शेजाऱ्याने लिहायचं. वीस-बावीस मिनिटात सगळ्यांनी सगळं बघितलेलं असतं आणि मग फक्त कार्डांवरच्या शंका घ्यायच्या. पाऊण तासात होतं, आणि बोलणं जास्त खरं होतं.

शिवारफेरी दोन तासांची धरली तर साडेतीन तास जाते, हे इतकं ठरलेलं आहे की त्यावर वाद नको. तीनच थांबे ठरवा, आदल्या संध्याकाळी स्वतः चालून बघा आणि शेवटचा थांबा हॉलच्या सगळ्यात जवळचा ठेवा.

आता तुमचा संकोचाचा मुद्दा, वडीलधाऱ्यांना थांबवायचं कसं. थांबवण्याचा विचारच आधी सोडा. एखादे आबा सारखे उठून बोलतात त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की त्यांचं कुणी नीट ऐकलेलं नसतं. मी आदल्या संध्याकाळी अशा दोन-तीन जणांच्या घरी जाते, चहा घेते, आणि विचारते की आबा, ७२ च्या दुष्काळात गावातली कोणती विहीर आटली नव्हती? उद्या सकाळी दहा मिनिटं तुम्ही हे सगळ्यांना सांगाल का? ते सांगतात, आणि त्यात वेळ फुकट जात नाही, ७२ ला न आटलेली विहीर कुठे आहे हे कळणं म्हणजे अर्धा भूजल अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीला मानाने दहा मिनिटं मिळाली ते नंतर फारसं अडवत नाहीत, उलट दुसरं कुणी लांबवायला लागलं तर तेच म्हणतात, आवर रे आता.

तरीही बोलणं लांबलंच तर मी काय करते ते जवळून सांगते. मी जागेवरून थांबा म्हणत नाही. चालत त्यांच्याजवळ जाते, अगदी दोन हातांवर उभी राहते, त्यांच्याकडे बघत ऐकते, आणि ते श्वास घेतील तेव्हा म्हणते, "दादा, तुमचं हे महत्त्वाचं आहे, मी लिहून घेते, वरच्या ओढ्यातला गाळ काढला नाही तर बंधारा दोन वर्षात भरेल, असंच ना?" आणि मग वळून चार्टवर त्यांच्याच शब्दात लिहिते, माझे शब्द घालत नाही. आपलं वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर दिसलं की माणूस समाधानाने बसतो. शहाण्णव टक्के वेळा वगैरे असा आकडा मी देणार नाही, पण मला आठवतंय तसं हे क्वचितच फसलंय.

विषयाबाहेरचे प्रश्न, म्हणजे रस्ता, रेशन, घरकुल, पीकविमा, हे येणारच. त्यासाठी "थांबलेले प्रश्न" असा एक चार्ट दारापाशी लावते. पण तिथे लिहिलेल्या प्रत्येक ओळीकडे परत यायचं, म्हणजे यायचंच. दुसऱ्या दिवशी १५ मिनिटं त्यालाच, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते कोणत्या ऑफिसात मिळेल एवढं तरी सांगायचं. एकदा जरी परत आला नाहीत तर लोकांना कळतं की हा चार्ट म्हणजे प्रश्न पुरायची जागा आहे, आणि मग कुणी तिथे लिहू देत नाही, मध्येच बोलतात.

वेळेची आठवण कुणी द्यायची? आपण नाही. पहिल्या दिवशी समित्या करतोच ना, स्वच्छता, अहवाल, मनोरंजन, तशी वेळ समिती करायची, एक तरुण पोरगा आणि एक बाई. त्यांच्याकडे दोन मोठी कार्डं, एकावर "५ मिनिटं", दुसऱ्यावर "१ मिनिट", ते नुसतं उभं राहून दाखवायचं, बोलायचं नाही. गावातल्याच माणसाने दाखवलं की कुणाला राग येत नाही. आणि एक शब्द मी स्वतःला पूर्ण बंद केलाय, "पटपट". "पटपट करा", "लवकर आवरा" म्हटलं की जी माणसं आधीच बोलायला बिचकतात ती पहिली गप्प होतात, धीट माणूस बोलतच राहतो. त्याऐवजी राहिलेलं काम सांगायचं, "अजून तीन पिकं राहिलीत, कांदा, तूर आणि चारा", मग लोक स्वतःच वेग धरतात.

आणि आता एक गोष्ट जी ऐकायला बरी वाटणार नाही. सगळ्यात मोठी गळती आपलं स्वतःचं बोलणं असते. माझ्या सहकाऱ्याने घड्याळ लावलं होतं त्या कार्यशाळेत दोन दिवसात मी एकटी तीन तासांच्या वर बोलले होते, त्यातलं बरंचसं म्हणजे गटाने जे सांगितलं तेच पुन्हा माझ्या भाषेत सांगणं. प्रत्येक सादरीकरणानंतर "तर आत्ता आपण काय पाहिलं" असं म्हणायची सवय मला होती, ती मोडायला वर्ष गेलं. प्रोजेक्टरही मी आता नेत नाही, लाइट जाते, वायर जुळत नाही, अंधार केला की लोक झोपतात, आणि स्लाइड बनवल्यात म्हणून त्या दाखवाव्याशा वाटतात. जेवणानंतरच्या तासात तर आपण बोलायचंच नाही, तेव्हा उभं राहून करायचं काम, आकडेमोड, नकाशात रंग भरणं असं काहीतरी द्यायचं.

माझ्या वहीत प्रत्येक सत्रापुढे पेन्सिलीने तीन खुणा असतात, झालंच पाहिजे, झालं तर बरं, सोडलं तरी चालेल. हे आधी शांत डोक्याने ठरवायचं, तिथे गोंधळात ठरवायला गेलं की आपण आपल्याला आवडणारं ठेवतो आणि गावाला लागणारं सोडतो. मला अपधावाचं गणित शिकवायला फार आवडतं, पण ती खूण "सोडलं तरी चालेल" अशी आहे, तक्ता वाचता आला तरी पुरतं. आणि प्रत्येक सत्राला खरा किती वेळ लागला ते त्याच दिवशी लिहायचं, पाच-सहा कार्यशाळांत तुमचा स्वतःचा हिशोब कळतो. माझी गटकामं कायम दीडपट जातात, म्हणून मी वेळापत्रकातच दीडपट धरते आणि लोकांना मात्र मूळ वेळ सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मग काय उरतं? पिकांचं अवघड बोलणं सकाळी झालेलं असतं, त्यामुळे फक्त कोण, काय, कधीपर्यंत. पाऊण तास पुरतो. प्रत्येक वस्तीने रांगोळीच्या नकाशावर आपल्या जागी उभं राहून एक काम, एक नाव आणि एक तारीख सांगायची आणि ज्याचं नाव आहे त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग ग्रामसभेत हे कोण मांडणार ते ठरवायचं, त्याला दहा मिनिटं वेगळी ठेवा, कारण कार्यशाळेत ठरलं म्हणजे गावाने ठरवलं असं होत नाही, ठराव ग्रामसभेतच व्हायला लागतो आणि तिथे कोरमसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं आणायची कुणी हेही ठरलेलं बरं. बायांचे मुद्दे आधी महिला ग्रामसभेत घ्यायचे. फोटो, हजेरीच्या सह्या, प्रवासभत्त्याचे फॉर्म हे सगळं जेवणाच्या वेळी उरकलेलं असतं, शेवटी ठेवलं तर त्यातच २५ मिनिटं जातात.

एवढं करूनही कधीतरी कोलमडतं. पाऊस येतो, गावात कुणी जातं, लाइनमन येतो आणि अर्धा हॉल मोटर चालू करायला रानात पळतो. तेव्हा मी उरलेल्या २० मिनिटात नियोजन कोंबत नाही. हॉललाच विचारते, आपल्याकडे २० मिनिटं आहेत आणि काम तासाभराचं आहे, काय करायचं? बहुतेक वेळा बायाच सांगतात, रात्री जेवणं झाल्यावर आठ-साडेआठला देवळात बसू. मग मी मुक्काम करते. तुमच्या संस्थेला हे आधी सांगून ठेवा, एका मुक्कामाची आणि गाडीची तयारी बजेटमध्येच धरा. अशा तीन-चार रात्रीच्या बैठका माझ्या झाल्यात, पोरं मांडीवर झोपलेली, चार्टपेपर देवळाच्या खांबाला लावलेला, आणि दिवसभर एक शब्द न बोललेली बाई तिथे पहिल्यांदा बोललेली मी पाहिलीय.

पुढच्या कार्यशाळेत बाकी काही नाही जमलं तरी दोन्ही दिवस चार वाजता हॉलमध्ये किती बाया आहेत ते मोजून वहीत लिहा. तो आकडा आणि तुमचं आत्ताचं वेळापत्रक मला पाठवा, आपण ते मिळून शेवटाकडून परत आखू.